मदत हवी आहे : आईला त्वचादान करायचंय, दादा तयार नाही

नमस्कार मंडळी,

विषय नाजूक आहे आणि थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची. डोंबिवलीला दादा-वहिनीकडे असते, मी नाशिकला. ती सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती, त्यातली सलग अकरा वर्षं बर्न्स वॉर्डात. मे महिन्यात मी गेले होते तेव्हा लोणच्याच्या कैऱ्या फोडता फोडता म्हणाली, "मी गेले की माझे डोळे आणि कातडी द्यायची. आणि हॉस्पिटलात मशीनवर जायची वेळ आली आणि ब्रेन डेड झाले, तर जे जे चालेल ते सगळं द्या." दादा समोरच पेपर वाचत होता. काही न बोलता उठून आत गेला.

रात्री गच्चीत मला म्हणाला, "डोळ्यांचं समजू शकतो. पण आईच्या अंगावरची कातडी सोलायला मी फोन करून माणसं बोलावू? हे माझ्याच्याने होणार नाही."

कृपा करून दादाला कोणी मागासलेला वगैरे म्हणू नका. आईचं दुखणंखुपणं, बीपीच्या गोळ्या, रात्रीअपरात्री डॉक्टरकडे नेणं, सगळं तोच करतो. तो घाबरलाय आणि त्याचं कारण बाबांच्या वेळचं आहे.

बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. २०१८ साली पहाटे पावणेसहाला ते घरीच गेले. रडारड, नातेवाइकांना फोन, भटजी. कार्ड कुणाला आठवलंच नाही. साडेनऊला आईला आठवलं, मग कपाटात शोधाशोध. पॉलिसीच्या कागदांत सापडलं. त्यावरचा नंबर लागेना. दुसरीकडून तिसरीकडून नंबर मिळवत अखेर साडेअकराला कुणीतरी फोन उचलला, वेळ विचारली आणि म्हणाले, आम्ही पोचेपर्यंत सहा तास उलटून जातील. बाबांच्या डोक्यावर तोपर्यंत पंखा फुल्ल चालू होता. त्याने बुबुळं सुकतात हे आम्हाला नंतर कळलं. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तीही आपल्याकडून झाली नाही, हे त्याच्या मनातून गेलेलं नाही.

आईचं म्हणणं असं की डोळ्यांनी माणसाला दिसायला लागतं, कातडीने माणूस जगतो. वॉर्डातली एक मुलगी ती अजून विसरत नाही. बाविशीतली, स्टोव्हच्या भडक्यात साठ टक्के भाजलेली. आई सलाईनने भिजवून भिजवून तिच्या जखमांना चिकटलेला गॉज (पट्टीचं जाळीदार कापड) सोडवायची, एकेक इंच. ती म्हणायची, "सिस्टर, वारा लागतोय, पंखा बंद करा ना." पंखा बंदच असायचा. खिडक्याही लावलेल्या. नवव्या दिवशी जंतुसंसर्गाने गेली. तिला झाकायला काहीच नव्हतं, असं आई म्हणते.

मला विचारायचंय ते असं. त्वचा काढतात म्हणजे नेमकं काय करतात आणि नंतर देह कसा दिसतो? वयाची काही अट असते का? आईला बीपी आहे, थोडी शुगर आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फॉर्म भरला तर तो पुरतो की दादाची संमती लागतेच? आणि दादाशी बोलू कशी, हे कुणी अनुभवातून सांगितलं तर फार बरं होईल.

— अबोली

---

पांढरा चाफा :

अबोली, मी २२ वर्षं नेत्रपेढीत तंत्रज्ञ होतो. बाबांच्या बाबतीत जे झालं ते मी असंख्य वेळा फोनच्या या बाजूने ऐकलंय. तुमची चूक म्हणू नका, त्या घरात त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून सगळं आधी ठरवून ठेवायचं.

आधी डोळ्यांचं. मोतीबिंदू झालेला, चष्मा असलेला, बीपी-शुगर असलेला माणूस नेत्रदान करू शकतो. वयाची वरची अट नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, काही प्रकारचे रक्ताचे कॅन्सर असतील तर घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांत काम व्हावं लागतं, म्हणून फोन पहिल्या अर्ध्या तासात गेला पाहिजे. टीम पोचेपर्यंत पंखा बंद, एसी असेल तर चालू. पापण्या मिटवून त्यावर ओला स्वच्छ कापूस, डोक्याखाली उशी घेऊन डोकं थोडं वर. काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. दोन डोळ्यांनी साधारण दोन माणसांना दृष्टी मिळते.

आता लोक विसरतात ती गोष्ट. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचं मृत्यू प्रमाणपत्र हातात लागतं. ते नसेल तर टीम दारात येऊनही हात लावू शकत नाही. फॅमिली डॉक्टरला आजच विचारून ठेवा की रात्री दोन वाजता फोन केला तर तुम्ही याल का. रक्ताचा नमुनाही घेतात, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका.

नेत्रपेढीच्या नंबराचं म्हणाल तर कार्डावरच्या नंबरावर विसंबू नका. दर सहा महिन्यांनी एकदा फोन लावून बघा.

---

सुगरण पक्षी :

कायद्याचं थोडं. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, २०११ ला त्यात दुरुस्ती होऊन त्वचा, हाडं अशा ऊतीही (टिश्यू) आल्या, आणि २०१४ चे नियम. इच्छा नोंदवायचा तो नमुना क्र. ७. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. कागदावर या इच्छेला पूर्ण मान आहे. पण प्रत्यक्षात घरच्यांनी नको म्हटलं तर कुठलीही पेढी पुढे जात नाही, आणि जाऊही नये असं माझं मत. तेव्हा फॉर्म पुरतो का, याचं उत्तर नाही असंच आहे.

एक सुचवते. साक्षीदार म्हणून दादांचीच सही घ्या. लपवून दुसऱ्या कुणाची घेऊ नका.

---

कोकणकडा :

अबोलीताई, तुमच्या दादांसाठी लिहितो. जमलं तर त्यांना हे वाचायला द्या.

माझी मुलगी सात वर्षांची असताना आंघोळीच्या उकळत्या पाण्याच्या बादलीत पडली. पाठ, कंबर, दोन्ही पाय. निम्म्याहून जास्त अंग. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बसवून समजावलं ते असं : कातडी गेली की शरीराचं कुंपण जातं. आतलं पाणी पाझरत राहतं, बाहेरचे जंतू आत शिरतात. इलाज म्हणजे तिच्याच अंगावरची चांगली कातडी काढून जखमेवर लावायची. पण एवढ्या छोट्या अंगावर चांगली जागा उरलीच होती किती? उरलेल्या जागेवरून एकदा घेतली की ती भरून येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस उघडी जखम थांबत नाही.

तिथे त्वचापेढीतून आलेली त्वचा लावली. डबीतून काढली तेव्हा मी काचेतून बघितलं. पांढुरकी, ओल्या टिश्यू पेपरसारखी, त्याहून थोडी जाड. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली असते, अशी ती पाच वर्षांपर्यंत टिकते असं नंतर कळलं. रक्तगट जुळवावा लागत नाही, कुणाचीही कुणालाही चालते. ती कायमची राहत नाही हो. दोनतीन आठवड्यांत सुटून गळून जाते. पण तेवढे दिवस तिने माझ्या पोरीला झाकून ठेवलं. पट्टी बदलताना ती आधी किंचाळायची, ती त्वचा लावल्यावर पहिल्यांदा पट्टी बदलताना तिने सिस्टरला विचारलं, "मला पोहे मिळतील का?" तेवढ्या दिवसांत मांडीवरची, आधी कातडी काढलेली जागा भरून आली, मग तिची स्वतःची लावली.

आता "सोलणं" या शब्दाबद्दल. मीही नंतर जाऊन विचारलं, कारण कुणीतरी आपल्या माणसाची ही त्वचा दिली होती आणि ते कसं झालं असेल हे विचारल्याशिवाय मला राहवेना. डर्मॅटोम नावाचं यंत्र असतं, त्याने वरचा अगदी पातळ थर उतरवतात, अख्खी कातडी नाही. मांड्या, पाय आणि पाठ एवढ्याच भागावरून. चेहरा, हात यांना हात लावत नाहीत. रक्ताची धार वगैरे नसते. नंतर बँडेज बांधून देह नीट करून देतात. साडी नेसवली की काही दिसत नाही. घरी टीम येते, पाऊण तासाचं काम, एकही पैसा घेत नाहीत. वय अठराच्या वर हवं, वरची मर्यादा नाही. त्वचेचा कॅन्सर किंवा पसरलेला त्वचारोग असेल तर घेत नाहीत. डोंबिवलीला जवळ ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे त्वचापेढी आहे. मुंबईत सायन हॉस्पिटलातही आहे.

मुलगी आता चौदाची. पाठीवर वण आहेत. पोहायला जाते.

---

रानवाटा :

बाकीचं सगळ्यांनी लिहिलंय. मी फक्त आईंच्या "मशीनवर गेले तर" बद्दल लिहिते, कारण यात लोकांची फार गल्लत होते. घरी हृदय बंद पडून मृत्यू आला तर डोळे, त्वचा, हाडं देता येतात. किडनी, लिव्हर, हृदय, फुप्फुसं नाही. ती द्यायची तर माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना मेंदूस्तंभ मृत्यू व्हावा लागतो. म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला, पण मशीनमुळे रक्त फिरतंय.

माझ्या भावाचं असं झालं. पुण्याजवळ बाईकचा अपघात, वय ३१. डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड, आणि मी त्याचा हात धरून बसले होते, तो गरम होता. छाती वरखाली होत होती. मी डॉक्टरांवर ओरडले की हा जिवंत आहे. त्यांनी राग मानला नाही. चार डॉक्टर तपासतात आणि त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा एकही नसतो, हे त्यांनी सांगितलं. पूर्ण तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास. त्यातल्या एका चाचणीत व्हेंटिलेटर काढून बघतात की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी शरीर स्वतःहून श्वास घेतं का. मी विनंती केली म्हणून दुसऱ्या वेळी मला दाराशी उभं राहू दिलं. ती काही मिनिटं मी त्याच्या छातीकडे बघत होते. ती हलली नाही. कागदावर सही नंतर केली, पण मला समजलं ते तिथे.

अपघात असल्याने पोलिसांचं काम आणि पोस्टमॉर्टेम होतं, पण अवयव काढायला त्याची आडकाठी झाली नाही. संमती दिल्यानंतरचा त्याला सांभाळायचा खर्च आमच्या बिलात नव्हता. अवयव कुणाला जायचे ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीवरून ठरवतं, हॉस्पिटल किंवा ओळखपाळख नाही. अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. हृदयाला चारेक तासच मिळतात, म्हणून रस्ता मोकळा करून नेलं. दोन्ही किडन्या, लिव्हर, हृदय. चार माणसं. त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत आणि सांगतही नाहीत.

देह सकाळी मिळाला. शिवलेला, स्वच्छ. आईने त्याला नेहमीसारखं तेल लावून आंघोळ घातली.

तुमच्या दादांशी बोलताना एक करा. "तू हो म्हण" असं म्हणू नका. आमच्या बाबतीत भाऊ कधीतरी जेवताना सहज बोलून गेला होता, "माझं सगळं देऊन टाका." त्या एका वाक्याने आमच्यावरचं ओझं उतरलं. निर्णय आमचा नव्हताच, त्याचा होता, आम्ही फक्त तो पोचवला. दादांना वाटतंय की आईवर ते काहीतरी करणार आहेत. तसं नाही. आई देतेय. हे आईंनाच त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही मध्ये नको.

---

अबोली :

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मध्ये डोंबिवलीला जाऊन आले.

रानवाटा, तुमचं ऐकलं. मी बोललेच नाही. कोकणकडा यांचा प्रतिसाद दादाच्या फोनवर पाठवला आणि गप्प बसले. त्याने तो वाचला की नाही दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, "ती जी मुलगी होती तुझ्या वॉर्डात, तिला असली त्वचा मिळाली असती तर वाचली असती?" आई म्हणाली, "सांगता येत नाही रे. पण वारा लागला नसता तिला."

मग ती दोघं बराच वेळ बोलत बसली. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो, पुसलेलीच परत पुसत होतो. आईने त्याला स्वतःच्या मांडीवर बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत, एवढंच. तो बघत होता.

फॉर्मवर साक्षीदार म्हणून दादाची सही झाली. त्याने नेत्रपेढीचा आणि त्वचापेढीचा नंबर फोनमध्ये "आईचं काम" म्हणून सेव्ह केलाय. माझ्याकडून आणि वहिनीकडूनही करून घेतला. आणि त्याच रात्री पावणेबाराला त्याने दोन्ही नंबरांवर फोन लावला, उचलतात का बघायला. दोन्हीकडे उचलला. त्याने माफी मागितली, तर पलीकडचे म्हणाले, माफी कसली, असंच बघून ठेवावं.

आता एकच अडलंय. पांढरा चाफा यांनी लिहिलं ते डॉक्टरचं. आमचे फॅमिली डॉक्टर वयस्कर आहेत, रात्री येणं त्यांना जमणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोंबिवली पूर्वेला रात्री घरी येऊन मृत्यू प्रमाणपत्र देणारे कुणी डॉक्टर माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दादा रोज विचारतोय.