मदत हवी आहे: कोल्हापूरच्या फुटबॉलसाठी जुन्या वृत्तपत्रांच्या फायली

मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो आणि खंडोबा तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर समर्थक आहे. इतिहासाचे वर्ग रोडावलेत, कायम पदाचा भरवसा नाही; म्हणून पेठा, तालमी आणि फुटबॉल यांवरचा मराठी शोधनिबंध याच सुट्टीत संपवायचाय. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरून पाय निघत नाही. जुन्या खेळाडूंच्या मुलाखती झाल्या. त्यांनी जपलेली कात्रणं मिळाली, पण त्यांवर ना तारीख, ना वृत्तपत्राचं नाव. करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करणार आहेच. मुंबई-पुण्याच्या फेऱ्या परवडणार नाहीत. १९५० ते १९८० मधल्या स्थानिक दैनिकांच्या फायली कोल्हापुरात आणखी कुठे आहेत? आणि २०२५ मध्ये युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, बंद केल्यावर प्राध्यापक निवड समित्या कोणती मराठी नियतकालिकं ग्राह्य धरताहेत?