समोरच्या कंपनीचा माणूस : अनुभव धागा

निवृत्त_वैमानिक
परवा भाचीच्या साखरपुड्याला गोव्याहून सोलापूरला विमानानं आलो. जन्मभर विमानं चालवली, पण स्वतःच्या गावात विमानानं उतरलो ते निवृत्तीनंतर, तेही सीट नंबर १२ वर, प्रवासी म्हणून. बॅगेच्या टॅगवर एसएसई ही सोलापूरच्या कोडची तीन अक्षरं बघून उगाचच गलबललं.

उतरताना दारात कॅप्टन उभा होता. पोरगाच. आडवा वारा होता. म्हटलं, "क्रॉसविंड बरा सांभाळलात." त्यानं लगेच ओळखलं की हा आपल्यातला. "सर, कुठल्या एअरलाइनला होतात?" नाव सांगितलं तर हसायला लागला, "अरे बापरे, बाबा तुमच्या समोरच्या कंपनीत होते. घरात तुमचं नाव घ्यायला बंदी होती!" आणि वाकून नमस्कार. मागचे लोक खोळंबले.

तेव्हापासून जुनं काहीबाही आठवतंय. २००५ नंतरची विमान कंपन्यांच्या चढाओढीची ती चार-पाच वर्षं ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल. हॉटेल एकच, पण नाश्त्याची टेबलं वेगळी. लिफ्टमध्ये समोरचा क्रू असला की आपण जिन्यानं जायचं.

त्यातला एक जुलै. मुंबईत धो धो. मी को-पायलट, हैदराबादहून येत होतो. आमच्या पुढं सहा मैलांवर समोरच्या कंपनीचं विमान. त्यांनी लँडिंग सोडून दिलं, वर निघाले. गो-अराउंड म्हणजे कॉकपिटमधली सगळ्यात धांदलीची वेळ. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलणं सगळ्यात शेवटी, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकवलेलं असतं. "गोइंग अराउंड" एवढं बोलून गप्प बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तो माणूस त्या धांदलीतही स्पष्ट बोलला : विंडशिअर (वारा एकदम बदलणं), ५०० फुटांवर वेगातले १५ नॉट गेले. ते टॉवरसाठी होतं तेवढंच मागून येणाऱ्या आमच्यासाठीही. आमच्या कॅप्टननं फक्त माझ्याकडं बघितलं आणि आम्ही तिथूनच अ‍ॅप्रोच सोडला.

दोघंही अहमदाबादला. योगायोगानं शेजारी शेजारी पार्किंग. त्यांचा तिथं मोठा पसारा, आमचं केटरिंगसुद्धा नाही. रात्रीचा एक, प्रवासी वैतागलेले, पाणी संपलेलं. शिडीवर बूट वाजले आणि त्यांचा कॅप्टन स्वतः वर आला, मागं लोडरच्या डोक्यावर पाण्याचे दोन खोके. "पैशाचं आपल्या कंपन्या बघून घेतील, आधी लोकांना पाजा."

माझ्या फ्लाइट बॅगेत आईनं दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दुसरं द्यायला होतंच काय? पंखाखाली, टायरजवळ उभं राहून चौघांनी खाल्ली. दोन वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नसतो, पोट बिघडलं तर दोघांचं एकदम बिघडेल म्हणून. आमचे कॅप्टन गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी भाकरी खातो, तू चटणी खा."

त्या माणसाचं आडनाव तेवढं कळलं, पुन्हा भेट नाही.

तुमचे असे अनुभव लिहा. वैमानिकच असलं पाहिजे असं नाही.

होटगीरोडकर
काय लिहिलंय बे! आम्ही गच्चीवर बसून विमानंच मोजूलालोय सध्या. जून २०२५ ला गोव्याचं सुरू झालं तेव्हा पोरं शाळेला दांडी मारून गच्चीवर. म्हातारी म्हणली, भांडी हालतेत. म्हटलं हालू दे, इतकी वर्षं विमानाच्या आड येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीच्या नावानं गावात भांडणं झाली, आता भांडी वाजली तर काय बिघडलं.

शुभा_क
चिमणीचा विषय नको प्लीज, धागा शंभरीला जाईल आणि मूळ विषय राहील बाजूला :)

होटगीरोडकर
बरं मालक, नाही काढत. १५ जून २०२३ ला पाडली. तारीख तेवढी सांगितली.

उजवी_सीट
ड्युटीवरून आलेय, डाळ शिजतेय तोवर लिहिते.

चढाओढ अजून आहे, फक्त आता ती "रेडी" म्हणण्यात असते. ग्राउंडला (विमानतळावरच्या हालचाली बघणारं कंट्रोल) आधी कोण रेडी म्हणतं त्यावर नंबर लागतो. त्यामुळं शेवटचा दरवाजा बंद होत असतानाच काही महाभाग "फुल्ली रेडी"! आणि पुश बॅक (विमान मागं ढकलायची परवानगी) मिळाला की दोन मिनिटं नुसते उभे. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू.

एअरबस-बोइंग वेगळंच. आम्हा एअरबसवाल्यांना समोर ओढून घ्यायचं टेबल असतं, कारण स्टिअरिंगच्या जागी बाजूला छोटी स्टिक. बोइंगवाले मांडीवर ताट घेऊन बसतात. हे ऐकवलं की ते म्हणतात, तुमचं विमान दर लँडिंगला तुम्हाला "रिटार्ड, रिटार्ड" म्हणतं, त्याला तुमची चांगली ओळख आहे. (थ्रस्ट कमी करायची आठवण असते हो ती.)

आता खरी गोष्ट. एकदा पहाटे आम्ही पार्किंग बेवर विमानात बसून होतो. शेजारी दुसऱ्या कंपनीचं विमान निघायच्या तयारीत आणि त्याच्या नाकाजवळ लाल फीत फडफडतेय. पिटो ट्यूबचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, कव्हर तसंच राहिलं होतं. ते घेऊन उडालं तर वेग चुकीचा दिसतो, चेष्टा नाही. मी रेडिओचं बटण दाबणार तेवढ्यात कॅप्टननं हात धरला. रेडिओवरचं सगळं रेकॉर्ड होतं, त्यांची चूक नोंदली गेली असती. ते लोक हलले तर नव्हते अजून, वेळ होती. कॅप्टननं आमच्या विमानाखाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या इंजिनिअरला सांगितलं. तो चालत गेला, त्यांच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, वर बोट दाखवलं. फीत निघाली. पलीकडच्या खिडकीतून एक हात वर झाला.

विमान हललं असतं तर मी रेडिओवर ओरडलेच असते, हेही सांगते.

डाळ लागली खाली. बाय.

टॉवरकाका
३१ वर्षं एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) काढली. @उजवी_सीट, तुम्ही खोटं रेडी म्हणता हे आम्हाला कळायचं बरं का, मागं दरवाज्याची घंटी वाजत असायची.

लोकांना वाटतं मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत. आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. म्हणून वर घिरट्या. घिरट्या म्हणजे इंधन, इंधन म्हणजे पैसा, आणि नंबर सोडणं म्हणजे कंपनीचे पैसे सोडणं. एका रात्री मागच्या विमानात हार्टचा पेशंट होता. मी क्रम बदलायला कागद हातात घेतोय तोच पुढचा आपण होऊन म्हणाला, "आम्ही आणखी एक फेरी मारतो, त्यांना आधी घ्या." पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. सगळ्या वेगवेगळ्या कंपन्या, दुपारी याच लोकांनी पार्किंग बेवरून माझं डोकं खाल्लं होतं.

आणि एक, रिले. व्हीएचएफ, म्हणजे आमचं रेडिओवरचं बोलणं, सरळ रेषेत जातं, लांब गेलेल्या, खाली असलेल्या विमानाचा आवाज आमच्यापर्यंत येत नाही. मग वरून जाणारा कुणीही, कुठल्याही कंपनीचा, मध्ये निरोप्या होतो. सांगावं लागत नाही. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही की तिसरा आवाज येतोच.

चादर_आणि_टॉवेल
छान आहे सगळं, पण तिकिटाचे दर कधी कमी होणार ते सांगा. ऐन सणाला बघा एकदा.

निवृत्त_वैमानिक
@चादर, तेवढं माझ्या हातात असतं तर मी स्वतः सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं नसतो फिरलो इतकी वर्षं.

एसटीची_लेक
विमानातलं मला काही माहीत नाही. वडील एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर-पुणे. इथं लिहिलं तर चालेल ना?

ट्रॅव्हल्सवाले आणि एसटीवाले म्हणजे साप-मुंगूस. स्टँडच्या बाहेर थांबून आमची सीटं पळवतात म्हणून बाबा घरी येऊन इतके बोलायचे की आई म्हणायची, पोरींसमोर नको. पण रस्त्यावर समोरून ट्रॅव्हल्स आली की डिपर. पुढं काही असलं, अपघात, आरटीओ, रस्त्यात बसलेली म्हैस, की डिपर आणि खिडकीतून हात खाली-वर, म्हणजे हळू घ्या.

मी सातवीत असताना त्यांच्यासोबत पुण्याला चालले होते, टेंभुर्णी सोडली आणि फॅनबेल्ट तुटला. मे महिना. मागून ट्रॅव्हल्स आली, तोच माणूस ज्याला बाबांनी आदल्या आठवड्यात स्टँडबाहेर शिव्या घातल्या होत्या. थांबला. डिकीतून जुना बेल्ट काढला, दोघं बॉनेटखाली डोकं घालून अर्धा तास. त्याचे एसीतले प्रवासी बोंबलायला लागले तेव्हा म्हणाला, "पोरगी आहे गाडीत, उन्हात सोडून जाऊ का?" मला पाच रुपये दिले, इंदापूरला काहीतरी खा म्हणून.

पुढच्या आठवड्यात बाबांनी परत शिव्या घातल्या त्याला. स्टँडबाहेर थांबला होता ना.

मोडनिंबकर
शेवटची ओळ 😂 अगदी एसटी.

सुगरण_सोलापूर
पाच रुपये वाचून डोळे भरले गं. अवांतर : भाकरी किती दिवस टिकल्या होत्या काका? माझ्या आठ दिवसांत वातड होतात, डब्यात ठेवते तरी.

शुभा_क
@सुगरण, पूर्ण गार होईपर्यंत डबा लावू नका. वाफ राहिली की संपलं.

पाना_पकड
विमान मेंटेनन्समध्ये आहे. वैमानिक हात हलवून जातात, चाकं आम्हाला बदलावी लागतात!

लहान स्टेशनवर सगळे स्पेअर नसतात. रात्री दोनला नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, कापलेलं सापडलं, आमचं चाक दुसऱ्या गावाहून सकाळी नऊला येणार, विमान सहाला जायचं. समोरच्या कंपनीच्या स्टोअरला गेलो. तिथला शिफ्ट इंजिनिअर झोपेतून उठला, चाक दाखवलं, आणि कागद शोधायला लागला. चाकासोबत रिलीज सर्टिफिकेट नसेल तर ते चाक म्हणजे भंगार, पार्ट नंबर, सीरियल नंबर सगळं जुळावं लागतं. चाक दोन मिनिटांत मिळालं, कागद चाळीस मिनिटं! शेवटी फाइल त्याच्या उशीखाली. उसनवारीची नोंद केली, सही केली, म्हणाला चहा तुझ्याकडून.

विमान सहा पाचला गेलं. नऊ वाजता दोन्ही मॅनेजर पायऱ्यांच्या गाडीवरून भांडत होते, आम्ही दोघं कँटीनला.

बाराबंदी
कुणीच कसं आठवलं नाही? आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, भारत-इंग्लंड प्रवास एकट्यानं विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. १९३० साली जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर तिकडून इकडं येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले. आणि अ‍ॅस्पी थोडक्यात आधी पोचले, बक्षीस त्यांना! तेच पुढं हवाई दलाचे प्रमुख झाले. प्लग खिशातच ठेवले असते तर कुणाला कळलंही नसतं.

पाना_पकड
त्या प्लगचं रिलीज सर्टिफिकेट होतं का विचारा.

बाराबंदी
😂😂

नावात_काय
एरवी फक्त वाचते. आज लिहितेय.

नवऱ्याची कंपनी बंद पडली. नाव नको. काही महिने पगार नाही, शाळेची फी, फ्लॅटचा हप्ता, सगळ्यांकडं हीच कथा होती तेव्हा. हा कॅप्टन होता, ११ वर्षं. ज्या कंपनीला आम्ही घरात हसायचो, तिथल्या बॅचमेटनं फोन केला. काही दिवसांनी परत त्याचा फोन, की आमच्याकडं जागा आहेत, पण कॅप्टनच्या नाहीत. उजव्या सीटवर बसशील का?

हा दोन दिवस बोलला नाही. मग गेला. लॉगबुकं पिशवीत घालून, कपाटातला चार पट्ट्यांचा शर्ट तसाच ठेवून.

पहिल्या फ्लाइटला डावीकडं कोण, तर जुन्या कंपनीत ज्याला यानं शिकवलं तो मुलगा. ब्रीफिंगला सगळ्यांसमोर उठून उभा राहिला. आणि कॉकपिटमध्ये शिरताना, रोस्टरवर त्याचंच नाव कॅप्टन म्हणून असताना, विचारलं, "सर, मी डावीकडं बसू ना?" घरी येऊन हे सांगताना हा हसत होता, पण बूट काढायलाच विसरला. बुटांनिशी स्वयंपाकघरात उभा.

आता परत कॅप्टन आहे. तो जुना शर्ट मी टाकू देत नाही.

उजवी_सीट
@नावात_काय, मिठी. आम्ही सगळे एक-दोन फ्लाइंग स्कूलमधलेच असतो, आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. कालचा दुश्मन उद्या सिम्युलेटरमध्ये परीक्षक म्हणून समोर बसतो. आम्ही इतके सभ्य का, यातला निम्मा भाग तोच :)

टॉवरकाका
निम्माच?

मोडनिंबकर
काका, परतीचं विमान कधी? येताना चटणी कुठून घ्यायची ते विचारायचं होतं. पुण्याच्या मित्राला हवीय, आणि हँडबॅगेत चालते का?

होटगीरोडकर
दुकानं लई हायेत की. नव्या पेठेत चक्कर मारा, नाकाला कळतंय. कुटलेली घ्या, मिक्सरची नको.

उजवी_सीट
चेक-इनमध्येच टाका. तिखटाची पूड केबिनमध्ये अडवतात.

मोडनिंबकर
मग @निवृत्त_वैमानिक तुमची कशी सुटली होती?

निवृत्त_वैमानिक
सिक्युरिटीवाला पंढरपूरचा होता. अर्धी भाकरी त्याची ठरलेली.