मदत हवी आहे : नाताळचे अनारसे तुपात हसताहेत

नमस्कार. आम्ही जालन्याचे. आमच्याकडे नाताळाला केकपेक्षा फराळाचंच महत्त्व जास्त. करंज्या, शेव, चिवडा आणि सासूबाईंच्या हातचे अनारसे. या वर्षी त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पहिल्यांदाच मी करतेय.

जुना तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. पंच्यावर पसरून ओलसर असतानाच दळून चाळला. तांदळाएवढाच चिरलेला गूळ घालून घट्ट गोळा डब्यात भरला. आज चौथा दिवस. काल रात्री एक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडला, तर जाळी पडण्याआधीच तो हसला, म्हणजे फुटून कढईभर चुरा झाला. दुसऱ्याचंही तेच. सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या, पण त्यांचं सगळं माप हाताच्या अंदाजाचं.

गूळ जास्त झाला का? गूळ खूप मऊ होता, मला तरी तेच वाटतं. की थंडीमुळे पीठ अजून मुरलं नाही? कोरडी तांदळाची पिठी मळून घेतली तर सुधारेल का, आणि वाटीभर पिठाला किती घालू?

मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब बघते. कापसाचा हंगाम, गेटवर गाड्यांची रांग. सुट्टी नाही, घरी यायला सात वाजतात. २३ तारखेच्या रात्री कॅरलवाली पोरं दारात येतात. दरवर्षी ती आजींचे अनारसे मागून खातात. नव्याने तांदूळ भिजवायला आता वेळ नाही. कुणी अनुभवी ताई-मावशींनी आज रात्रीपर्यंत सांगितलं तर फार बरं होईल.