केगमधली घरगुती बीअर सहा महिने टिकेल का?

केळीबाग_यावल
मी मूळचा यावलचा असून नोकरीनिमित्त म्युनिकला राहतो आणि तिथे स्वतःपुरती बीअर घरी तयार करतो. केळीच्या बागेच्या कामासाठी मार्चपासून सहा महिने गावी येणार आहे. १९ लिटरचे स्टीलचे दोन केग (दाबाखाली बीअर साठवायची बंद पिंपे) भरलेले आहेत. एकात आयपीए (सुगंधी, कडवट बीअर) आहे, दुसऱ्यात इम्पीरियल स्टाउट (काळी, कडक बीअर). फ्रीज बंद करून ते तळघरात ठेवावेत का, आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेलाच राहू द्यावा का?

तापीकाठ
आयपीए जाण्यापूर्वी मित्रांना पाजून संपवा, कारण हॉप्सचा (बीअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) सुगंध काही महिन्यांतच ओसरतो आणि नंतर उरतो तो नुसता कडवटपणा. स्टाउटची चिंता नको. जास्त अल्कोहोलची ही बीअर मुरून उलट सुधारते. मात्र केग भरताना आत हवा राहिली असेल, तर ऑक्सिजनमुळे तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि त्यावर नंतर काहीही उपाय चालत नाही. म्हणून पुढच्या वेळी केग निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरून ते कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकलावे, आणि मगच बंद नळीतून बीअर आत घ्यावी. तळाशी यीस्टचा जाड थर असेल, तर तो मागे ठेवून बीअर दुसऱ्या केगमध्ये काढलेली बरी.

जुना_फिटर
सिलिंडर अवश्य काढून ठेवा. बारीक गळती असली तरी सहा महिन्यांत तो रिकामा होईल, शिवाय हवेहून जड असलेला हा वायू बंद तळघरात साचणे जिवावर बेतू शकते. आधी केगला साधारण २ बार दाब देऊन झाकण घट्ट बसवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. बीअरची प्लॅस्टिकची नळीही काढा, तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. ४ अंशांवर ०.८ बार असलेला दाब तळघरात २० अंशांना दुपटीहून अधिक होईल, पण असे केग साधारणपणे ९ बारपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले असतात. तरी तुमच्या केगवर कोरलेला आकडा एकदा वाचून घ्या.

भुसावळ_४५_अंश
भाऊ, बीअर बनवण्याचा हा प्रयोग गावी करण्याचा मोह मात्र टाळा. जर्मनीत २०२४ पासून घरगुती वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बीअर करमुक्त असली, तरी आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यातून आपल्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेरची बीअर कितीही चांगल्या केगमध्ये भरली, तरी काही आठवड्यांतच शिळी लागेल.