चोरी कुठेही झाली की आधी पारधी बेड्यावर (वस्तीवर) पोलिसांची धाड. हायकोर्टात काय टिकतं?

प्रश्न: नागपूरजवळच्या बेड्यावरून पोरं उचलतात. नोटीस नाही, नोंद नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर १: आधी फुटेज. ठाण्यातलं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये बजावलंय. तरी त्याच दिवशी 'अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ जपून ठेवा' असा अर्ज द्या अन् दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्याच. वेळ मोघम लिहिली की फुटेज हाती लागत नाही.

उत्तर २: मग नागपूर खंडपीठात संविधानाच्या कलम २२६खाली फौजदारी रिट (हक्क मोडल्याची थेट हायकोर्टात याचिका). सुप्रीम कोर्टाचा सुकन्या शांता निकाल (३ ऑक्टोबर २०२४) जोडा: विमुक्त जमातींना (पारध्यांसारख्या, इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या) मनमानी अटक नको, हे त्यात स्पष्ट आहे. नुसतं 'त्रास थांबवा' नका लिहू. हिस्ट्रीशीटमधलं (पोलिसांच्या संशयित गुन्हेगारांच्या नोंदीतलं) नाव काढा, अशी नेमकी मागणी हवी. बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) ३५(३)ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागते. रात्रीची घरफोडी त्यात बसेलच असं नाही, वकील इथेच चुकतात.

उत्तर ३: दादा, पोरगा कोठडीत असेल तर या रिटची वाट पाहू नका. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं नाही की थेट हेबियस कॉर्पस (डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका). पारधी एसटीत (अनुसूचित जमातीत) येतात, त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट, उत्पन्नाची अट नाही.