मदत हवी आहे: फाफ्साच्या चाचणी फेरीत लेकाचा अर्ज भरावा की डिसेंबरपर्यंत थांबावं?

कोयनाकाठ | २७ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. घरात चकलीची भाजणी पडली आहे आणि मी फाफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारकडे करायचा आर्थिक मदतीचा अर्ज) वाचत बसले आहे, यावरून काळजी ओळखा.

आम्ही टेक्ससमध्ये. लेक बारावीत, जन्म इथलाच, म्हणून तो अमेरिकन नागरिक. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची जोडीदार म्हणून एच-४वर. मला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, नुसता टॅक्स भरण्यापुरता नंबर, आयटिन, आहे. दोघांचा टॅक्स एकत्रच भरतो. एका पगारावर घर चालतं. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, मिळेल अशी आशा नाही, पण लेकाच्या यादीतली दोन कॉलेजं स्वतःची मदत द्यायलाही फाफ्सा मागतात.

एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा हा अर्ज यंदा टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या मुलांवर चाचणी करत उघडतोय. सर्वांसाठी १ डिसेंबरपर्यंत म्हणतात. पुढच्या टप्प्यात लेकाची शाळा आहे आणि मुलाला चाचणीत घालायचं का, असं विचारणारं पत्र आलंय. माझे प्रश्न:

चाचणीत भरलेला अर्ज खरा धरतात, की नंतर पुन्हा भरायचा? मध्येच काही बिघडलं तर लेकाचा अर्ज अडकेल का? मला एसएसएन नाही, त्याचं काय? आणि साताऱ्याकडे सासऱ्यांची शेती आहे, शिवाय पुण्यात आमचा एक फ्लॅट. ते लिहायचं असतं का? नवरा म्हणतो, "आपण कशाला गिनीपिग व्हायचं?"

---

बग_शोधक

ताई, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगच करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

अर्ज खराच असतो. अमेरिकी शिक्षण खात्याने जाहीर केलंय की चाचणीत सादर झालेला अर्ज प्रक्रियेत जातो, कॉलेजांना माहिती पोचते, पुन्हा भरावा लागत नाही. आपल्याकडे ऑफिसात डमी डेटा टाकून नंतर डेटाबेस पुसतात, तसला हा प्रकार नाही.

टप्पे का, हे गेल्या वर्षीचा गोंधळ आठवला की कळतं. नवा, लहान केलेला अर्ज ३० डिसेंबर २०२३ला उघडला, तोही दिवसातून थोडा थोडा वेळ. महागाईचा आकडाच मदत ठरवायच्या सूत्रात घालायचा राहिला होता. सन २००० साली जन्मलेली मुलं एका पानापुढे जाऊच शकत नव्हती! हे वाचून मी कपाळावर हात मारला. जन्मवर्षाच्या सीमा तपासणं हे आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने या सप्टेंबरात सांगितलं की पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला आलेल्या ५४ लाख फोनपैकी ४० लाख उचललेच गेले नाहीत. त्या मानाने यंदा थोड्या मुलांपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

साहेबांच्या गिनीपिगबद्दल: आई-वडील दोघे नागरिक, एक नोकरी, एक घर, असेच अर्ज आले तर चाचणीत काही सापडत नाही. तुमच्यासारखं घरच हवं. पण तो तुमचा धर्म नव्हे, लेकाचं हित आधी बघा. भरलात तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट आणि वेळ लिहून ठेवा. अडकलात तर लगेच शाळेतल्या समुपदेशकांना दाखवा. डिसेंबरात गर्दी झाल्यावर तुमचा अडथळा कोण ऐकणार?

---

एडिसनची_मावशी

एसएसएनचं मी सांगते. कोयनाकाठ, तुला बहुधा स्वतःचं खातं काढावंच लागणार नाही.

गेल्या वर्षी एसएसएन नसलेल्या पालकांना ऑनलाइन अर्जातला आपला भाग भरताच येत नव्हता. त्यात नागरिक असलेली पोरं अडकली. मार्च २०२४मध्ये तो अडथळा दूर केल्याचं जाहीर झालं, आणि या टप्प्यांत तेही तपासलं जातंय. पण तुम्ही टॅक्स एकत्र भरता ना? मग दोघांपैकी एकाच पालकाने कॉन्ट्रिब्युटर (अर्जात आपली माहिती भरणारा) व्हायचं. नवऱ्याने स्वतःचं खातं काढायचं, आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) माहिती घ्यायला संमती द्यायची, तुझी माहिती जोडीदार म्हणून त्याच्याच भागात भरायची. २०२५-२६च्या अर्जाला २०२३चा टॅक्स लागतो. पालकांच्या व्हिसाने मुलाची पात्रता बदलत नाही.

एक मात्र बघ. नाव एसएसएन कार्डावर आहे तसंच लिही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, ते कुठे पूर्ण, कुठे नुसतं अक्षर. जुळणी तिथेच फसते. आणि लेकाचं खातं लेकाच्याच ईमेलवर काढ, तुझ्या नको.

---

तिसरा_चहा

चकलीची भाजणी कशी करता, हा वेगळा धागा काढा. इथे आम्ही फाफ्सा वाचतोय आणि भूक लागतेय.

---

खतावणी

शेतीचं आणि फ्लॅटचं. राहतं घर मोजत नाहीत, पण पुण्यातला फ्लॅट तुमचं राहतं घर नाही, तो गुंतवणुकीत येतो. परदेशात आहे म्हणून सुटका नाही. आजची किंमत वजा कर्ज, आणि रुपयाचे डॉलर अर्ज भरता त्या दिवसाच्या दराने.

कुटुंब स्वतः राहतं त्या शेतीला आधी सूट होती, २०२४-२५ आणि २०२५-२६च्या अर्जांत ती नाही. पण प्रश्न मालकीचा आहे. सातबारा काढून बघा. त्यावर सासऱ्यांचं नाव असेल तर ती त्यांची, तुमची नव्हे. "पुढेमागे आपलीच" हा हिशेब फाफ्साला लागत नाही. नवऱ्याचं नाव लागलं असेल तर त्याचा हिस्सा लिहावा लागेल.

---

कोयनाकाठ | ९ नोव्हेंबर २०२४

सगळ्यांचे आभार. भरला! शाळेच्या फेरीत, शनिवारी सकाळी, लेक एका लॅपटॉपवर आणि नवरा दुसऱ्यावर. मावशी, माझं खातं काढायची वेळच आली नाही. नवऱ्याच्या मधल्या नावावर अडलं होतं, कार्ड समोर धरून अक्षर न् अक्षर टाकल्यावर गाडी पुढे गेली. बग_शोधक, स्क्रीनशॉट सतरा झाले. शाळेने अभिप्राय मागितला, त्यात मी लिहिलं की "गुंतवणूक" म्हणजे परदेशातलं घरही, हे त्याच पानावर ठळक सांगा.

सातबारा दिराने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला. नाव अजून सासऱ्यांचंच. शेतीच्या रकान्यात शून्य टाकलं. फ्लॅटच्या किमतीवरून मात्र नवरा-बायकोत तासभर वाद झाला; शेवटी सोसायटीत नुकत्याच विकल्या गेलेल्या घराचा भाव धरला.

तिसरा_चहा, भाजणीचा धागा रविवारी काढते.