मदत हवी आहे: ‘बी’ बाजूच्या शेवटी तुटलेलं गाणं (आणि नवे बँड शोधायचे तरी कसे?)

गोदाकाठची:

मंडळी, मदत हवी आहे. खरं तर दोन मदती, पण दोन्हींचं मूळ एकच असल्यामुळे एकाच धाग्यात टाकते.

१९९६-९७ मध्ये मी नाशिकला कॉलेजात होते. तेव्हा मेनरोडला कॅसेटचं एक दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या दुकानात कॅसेट भरून मिळायची. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत साठची कोरी टीडीके द्यायची आणि चार दिवसांनी जायचं. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आपली यादी काही बरोब्बर तीस मिनिटांत बसायची नाही. सव्वीस व्हायची, सत्तावीस व्हायची. मग उरलेल्या जागेत दुकानातले दादा स्वतःच्या मनाने काहीतरी भरून ठेवायचे. आधी विचारायचं नाही, नंतर सांगायचं नाही, कार्डावर नावसुद्धा लिहायचं नाही. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाले, "कोरी फिरली तरी सेल तेवढेच जाणार ना?"

माझ्या याद्या म्हणजे त्या त्या वर्षी रिक्षात वाजणारी गाणी, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. पण त्या उरलेल्या तीन-चार मिनिटांनी मला कान दिले. पहिली कव्वाली तिथेच ऐकली. नावाड्यांचं बंगाली गाणं तिथेच. कुणाचं काय हे बऱ्याचदा पुढे कित्येक वर्षांनी कळलं, आणि कळलं की दिवसभर पाय जमिनीवर नसायचे.

आता पहिली अडचण. दिवाळीत माळा आवरताना त्यातली एक कॅसेट सापडली. ‘बी’ बाजूच्या शेवटी दोन तंतुवाद्यांचा एक तुकडा आहे, सोबत तबला, गाणं म्हणजे शब्द नाहीतच. चारेक मिनिटं वाजतो, रंगात येतो आणि खाड! टेप संपते. गेली अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं मला त्याचा शेवट माहीत नाही. हे काय आहे, कुणी सांगेल का?

दुसरी अडचण. नवं काही ऐकायची भूक तीच आहे, पण वाढणारं कुणी राहिलं नाही. गाण्याचं ॲप आहे, पैसे भरून घेतलेलं. ते मला आलटून पालटून हरिपाठ, ‘चिऊताई’छाप बडबडगीतं आणि मला आधीच पाठ असलेली गाणी देतं. (सकाळी सासूबाई, दुपारी भाचा. घरात सगळ्यांचं एकच खातं आहे.) तुम्ही नवे बँड कुठून शोधता? "यूट्यूबवर बघ" एवढंच उत्तर नको, प्लीज. उरलेली जागा भरून देणारा माणूस हवा आहे.

तिखटजाळ:

शझाम केलं का? असेल तर पुढे बोलू.

गोदाकाठची:

पाच वेळा केलं. टेपरेकॉर्डरला फोन चिकटवून केलं, पंखा बंद करून केलं. काही सापडत नाही.

सोल्डरगन:

सापडणार नाहीच. तुमचा टेपरेकॉर्डर किती वर्षं बंद होता? आतला रबरी पट्टा सैल झाला असणार. कॅसेट सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर फिरली पाहिजे. पट्टा सैल झाला की ती रखडते, सगळं संथ वाजतं आणि सूरही खाली उतरतो. आपल्या कानाला तीन-चार टक्क्यांचा फरक पटकन कळत नाही, पण ती ॲप्स सुरांच्या ठशावरून गाणं ओळखतात. ठसाच सरकला तर काय करणार बिचारी!

असं करा. आधी हेड पुसून घ्या. कानात घालायची कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुसरं काही नको. मग हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला केबल जोडून तो तुकडा ऑडॅसिटीमध्ये भरून घ्या, फुकट आहे ते. त्यात वेग आणि सूर एकत्र बदलायची सोय आहे. दोन टक्क्यांनी वाढवा, शझाम लावा. नाही जमलं तर तीन, मग चार. आणि नवा पट्टा बसेपर्यंत ती कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवू नका, टेप खाल्ली तर पेन्सिल घालून गुंडाळत बसाल.

जुनंतेसोनं:

ताई, नाशिकच्या आहात आणि नवं शोधायला जगभर कशाला हिंडता? द. वि. पलुस्कर तुमच्याच गावात जन्मले, १९२१ साली. १९५५ मध्ये गेले तेव्हा चौतिशीत होते. तेवढ्या आयुष्यात जे गाऊन ठेवलंय ते आधी ऐकून संपवा. बँड वगैरे लग्नात ठीक.

गोदाकाठची:

काका, ऐकते हो. वडिलांमुळे लहानपणापासून ऐकते. पण भाकरी आवडते म्हणून माणसाने इडली खाऊच नये का? आणि लग्नातल्या बँडला नावं ठेवू नका, नाशिक ढोल लागला की तुमचेही पाय हलत असतील!

खुर्चीतलाप्रवासी:

तुमच्या पहिल्या प्रश्नाने झोप उडवली. दोन गोष्टी सांगा. (अ) दोन्ही तंतुवाद्यं तारेवरून घसरत जातात का, म्हणजे एक सूर सोडून दुसऱ्यावर उडी न मारता सरकत पोचतात, तसं? (आ) तबल्याबरोबर आणखी एखादं तालवाद्य आहे का, जरा गोबऱ्या आवाजाचं?

गोदाकाठची:

अगं बाई! (अ) हो, दोन्ही. एक जण विचारतो, दुसरा सावकाश उत्तर देतो. (आ) आहे. मला ते इतकी वर्षं घटम वाटत होतं.

खुर्चीतलाप्रवासी:

मग बहुधा सापडलं. एक वाद्य मोहनवीणा, म्हणजे विश्वमोहन भट्ट. गिटारला तरफेच्या तारा (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या) चढवून त्यांनी ते वाद्य घडवलं. दुसरी गिटार अमेरिकेच्या राय कूडरची, काचेची नळी तारेवर घासून वाजवतो तो. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये दोघांनी मिळून एक अल्बम केला. आधी तालीम नाही, काही नाही. रेकॉर्डिंगच्या जेमतेम तासभर आधी दोघांची पहिली भेट झाली होती. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि तुम्हाला घटम वाटलेलं वाद्य म्हणजे दुंबेक, अरबी बाजाचं. ते वाजवणारा राय कूडरचा मुलगा जोआकिम तेव्हा चौदा वर्षांचा होता. १९९३ मध्ये अल्बम आला, १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, म्हणजे ९६ मध्ये तुमच्या दादांच्या हाती तो असणं अगदी शक्य आहे. त्यात चारच रचना आहेत आणि सगळ्या लांबलचक. तीन-चार मिनिटांच्या जागेत तो भरायचा म्हणजे पाटाच्या मापाने गोदावरी मोजायची. चारांतली कुठली ते सोल्डरगन म्हणतात तसं तपासा. चूभूदेघे.

आयटीतला_बापडा:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ॲपवर रागावू नका, ते आरसा आहे. ही यंत्रं मुळात एवढंच बघतात, की तुमच्यासारखी गाणी ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं. तुमच्या खात्यावर एक वारकरी, एक तीन वर्षांचं पोर आणि एक हौशी बाई एकत्र नांदताहेत. तशी दुसरी व्यक्ती जगात असलीच तर ती तुमच्या सासूबाईंची जाऊबाई असेल.

तुम्ही कुठलं ॲप वापरता ते लिहिलं नाहीत. माझ्याकडे स्पॉटिफाय आहे. त्यात ‘प्रायव्हेट सेशन’ आहे, ते लावून भाच्याला फोन द्या. शिवाय एखादी प्लेलिस्ट आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळायची सोय आहे. हरिपाठाची प्लेलिस्ट करा आणि वगळा. (पाप लागत नाही.) दर सोमवारी तीस गाण्यांची यादी येते, ती दीड-दोन महिन्यांत ताळ्यावर येईल. माझी आली.

कॉलेजरोडची_पोर:

मावशी, मी एकवीसची आहे आणि मलाही सेम प्रॉब्लेम आहे, त्यामुळे वयावर जाऊ नका! माझी पद्धत सांगते. सिॲटलच्या केईएक्सपी रेडिओवर बँड स्टुडिओत येऊन थेट वाजवतात, सगळं व्हिडिओवर असतं. नाव माहीत नसलेला बँड मुद्दाम निवडायचा आणि पूर्ण बघायचा, पुढे ढकलायचं नाही. तसंच बँडकॅम्पवर (बँड स्वतःची गाणी ठेवतात ती साइट) शहराच्या नावाने शोधता येतं. मी परीक्षेच्या काळात एकेक शहर घेऊन बसते. (निकालाबद्दल विचारू नका.)

आता माझ्याकडून तुमची उरलेली जागा: आल्टिन गुन. बँड ॲमस्टरडॅमचा, गाणी तुर्की. त्यांचा बासवाला दुसऱ्या कुणाच्या दौऱ्यात इस्तंबूलला गेला, तिथल्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांच्या प्रेमात पडला आणि घरी येऊन फेसबुकवर चक्क ‘तुर्की गाणारे हवेत’ अशी जाहिरात टाकली. जुनी लोकगीतं आणि खाली असा बास, की मी गंगापूर रोडच्या सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या नाचले आहे.

तिखटजाळ:

ती तूच होतीस का?

गोदाकाठची:

लोकहो!!! मिळालं!!!

साडेतीन टक्क्यांना पकडलं. राय कूडर आणि भट्टच. चारांतली शेवटची रचना, ‘इसा लेई’. मूळ फिजीमधलं निरोपाचं गाणं आहे म्हणे. लांबी जवळजवळ दहा मिनिटं. म्हणजे इतकी वर्षं मी निम्म्याहून कमीच ऐकत होते.

काल रात्री सगळे झोपल्यावर गच्चीत जाऊन पूर्ण ऐकलं. जिथे टेप तुटायची तिथे अंग आपोआप आखडलं, की आता खाड होणार. झालंच नाही. पुढे गेलं. शेवट कसा आहे ते लिहिणार नाही, ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी ऐका.

सोल्डरगन, प्रवासी, दोघांना साष्टांग. प्रवासी, आता इथून पुढे कुठे जाऊ?

खुर्चीतलाप्रवासी:

तुम्ही आता चौकात उभ्या आहात. माझी पद्धत एकच: कुणी कुणाबरोबर वाजवलं ते बघायचं आणि त्या माणसाच्या मागे जायचं. मी अल्बमचं नाव नंतर वाचतो, वादकांची यादी आधी.

राय कूडरचं बोट धरा. भट्टांनंतर १९९४ मध्ये तो मालीच्या अली फारका तुरेबरोबर दिसतो. वाळवंटाच्या कडेचा गिटारवाला, एकेक सूर घोळवत बसणारा. १९९६ मध्ये कूडर क्यूबाला गेला, मालीचे वादक आणि हवानाचे वादक एकत्र बसवायचे म्हणून. मालीवाले पोचलेच नाहीत, मग हवानातल्या म्हाताऱ्या गवयांना घेऊन जे झालं ते १९९७ मध्ये आलेलं ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’. ते तुम्ही नावाने तरी ऐकलं असेल.

पण मी तुम्हाला क्यूबाला पाठवत नाही, मालीतच थांबा. अली फारका २००६ मध्ये गेले. त्यांचा मुलगा व्ह्यू फारका तुरे याने २०२२ मध्ये ख्रुआंगबिनबरोबर वडिलांची गाणी केली. ख्रुआंगबिन हा टेक्सासमधला तिघांचा बँड, नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान, आणि कान साठ-सत्तरच्या दशकातल्या थाई गाण्यांवर पोसलेले. तिथून थायलंडला वाट फुटते, ती कॉलेजरोडच्या पोरीसाठी ठेवा.

आणि आता खास तुमच्यासाठी: तिनारिवेन. सहारातले तुआरेग लोक, १९७९ पासूनचा बँड. त्यांचा म्होरक्या इब्राहिम अग अलहबीब याने लहानपणी पहिली गिटार केली ती पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन. त्यांचा अल्बम बाहेरच्या जगात पोचायला २००१ उजाडलं. तोवर कसं चालायचं माहीत आहे? त्यांनी जमेल तसा एक स्टुडिओ उभा केला होता आणि जो कुणी कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला गाणी फुकट भरून द्यायचे. त्या कॅसेट हातोहात वाळवंटभर फिरल्या. पुढे २०१२ मध्ये ग्रॅमी वगैरे मिळालं, पण मला ती कोरी कॅसेटच जास्त आवडते. तुमचा धागा वाचला तेव्हाच हे सांगायचं ठरवलं होतं, मध्ये भट्ट आले.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा सगळी गाणी एकसारखीच वाटतील. गिटारची एकच ओळ गोल गोल फिरते, मागे टाळ्या, मग घोळक्याने गाणं. भजनी मंडळासारखं ऐका, म्हणजे लागेल.

जुनंतेसोनं:

भजनी मंडळ म्हणालात म्हणून ऐकलं. ठेका चुकवत नाहीत. एवढंच म्हणतो.

गोदाकाठची:

काका, तुमच्याकडून हे म्हणजे मानपत्रच!

तिनारिवेन दोन दिवस पोळ्या लाटताना लावलंय. सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या दिंडीतले गं हे?" प्रायव्हेट सेशन लावलेलं नव्हतं, मुद्दामच. ॲपला कळू दे. आल्टिन गुन कारमध्ये, त्यावर सविस्तर नंतर. पोरी, बास खरंच तसा आहे.

आता एक आगाऊ विनंती. मी यादी करून, साठची टीडीके मिळाली तर खरीखुरी कॅसेट भरणार आहे. माझी गाणी ‘ए’ बाजूला सव्वीस मिनिटं. उरलेली चार मिनिटं या धाग्यावरच्या कुणीतरी सांगावीत, मला नाव न कळता. सोल्डरगन, तुम्ही नाशिकचेच दिसता. तुम्हीच भराल का? आणि तो पट्टा बदलायचाय, कुठे मिळेल?

सोल्डरगन:

नाशिकरोडला असतो. पट्टा बाजारात शोधू नका, जुना काढून सपाट ठेवा, फुटपट्टीने लांबी मोजा, जाडीपण, आणि व्यनि (खाजगी निरोप) करा. माझ्याकडे डबाभर आहेत. कोरी कॅसेटपण आहे, पण साठची नाही, नव्वदची. म्हणजे तुमचे सव्वीस धरले तर एका बाजूला एकोणीस मिनिटं माझी.

तिखटजाळ:

ताई, विचार करा. एकोणीस मिनिटांत हा माणूस काय वाट्टेल ते भरेल.

गोदाकाठची:

भरू दे. व्यनि केलाय.